पत्र हाती आल्यावर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आठवणी सांगणारे इथे पुष्कळ आहेत. सकाळी चहाच्या रांगेत तिघा-चौघांनी मला एकच गोष्ट विचारली, "लेकीला अमेरिकेतून पीएचडीच्या प्रवेशाचं पत्र आलंय, पैशांचं काय?" म्हणून मी त्यावरच बोलते.

एमएसचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीचं तसं नाही. तिथे बहुधा शिकवणी शुल्क माफ होतं आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन मिळतं. हे काम साधारणपणे आठवड्याला २० तासांपर्यंत असतं.

पत्रातला मोठा आकडा पाहून पेढे जरूर वाटा, पण त्याआधी काही गोष्टी बघा. रक्कम नऊ महिन्यांची की बाराची? समजा, एकीकडे नऊ महिन्यांचे २७ हजार डॉलर आहेत आणि दुसरीकडे बारा महिन्यांचे ३० हजार. पहिल्यात महिन्याला तीन हजार पडतात, दुसऱ्यात अडीच. पण पहिल्यात उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे. हमी किती वर्षांची? आरोग्य विमा कोण भरणार? शुल्कमाफीनंतरही विद्यापीठाच्या इतर फिया उरतात का? आणि गावात घरभाडं किती? बॉस्टनमधले ३२ हजार आणि अर्बाना-शँपेनमधले २८ हजार यांत महिनाअखेरीस दुसऱ्याच्याच हातात जास्त उरू शकतात.

आता घाईबद्दल. फेब्रुवारीतच "लवकर कळवा" असा निरोप आला की मुलं घाबरून होकार देतात. तिथल्या 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स' या संस्थेचा एक ठराव आहे आणि अनेक विद्यापीठांनी तो मान्य केलेला आहे. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा आणि नम्रपणे मुदत मागा.

पैसेही मागता येतात. मूळ विद्यावेतन अनेकदा विभागातल्या सगळ्यांना सारखंच असतं. काही ठिकाणी ते विद्यार्थी कामगारांच्या संघटनेशी झालेल्या करारानं ठरतं. ते सहसा हलत नाही. पण उन्हाळ्याची सोय, एकरकमी शिष्यवृत्ती, सामान हलवण्याचा खर्च, पहिल्या सत्रात शिकवण्यातून सूट, यांबद्दल विचारायला हरकत नसते. विभागाच्या प्रवेशप्रमुखांना चार ओळींचं पत्र पुरतं: "आपला विभाग माझी पहिली पसंती आहे. दुसऱ्या विद्यापीठानं उन्हाळ्यासह साहाय्य देऊ केलं आहे. आपल्याकडे तशी काही सोय होऊ शकेल का?" दुसरं पत्र खरंच हातात असेल तरच हे लिहावं, कारण ते दाखवायला सांगतात. आणि हे सगळं होकार कळवण्याआधी.

आपल्या घरांत "मिळालं ते गोड मानून घ्यावं" असं शिकवतात. माझ्या ओळखीची एक तालुक्याच्या गावातली मुलगी अशीच गप्प बसणार होती. विमानाचं तिकीट, घराची अनामत रक्कम आणि पहिलं विद्यावेतन हाती येईपर्यंतचा महिनाभराचा खर्च, यासाठी तिचे वडील जमीन गहाण टाकायला निघाले होते. तिनं एकच पत्र लिहिलं. विभागानं सुरुवातीच्या खर्चासाठी एकरकमी मदत दिली. जमीन सुटली. नकार आला असता तरी तिचा प्रवेश जागेवरच राहिला असता. सभ्यपणे विचारल्यामुळे कुणाचा प्रवेश गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गुरुजनांना एक विनंती. मुलं शिफारसपत्र मागायला तुमच्याकडे येतात, तेव्हा एवढंही त्यांच्या कानावर घाला. "पैशांचं विचारलं तर बरं दिसेल का?" या प्रश्नाला आईवडिलांपेक्षा शिक्षकांनी "विचार" म्हटलेलं मुलं जास्त ऐकतात.

ज्यांच्या घरी पत्र आलं आहे त्यांनी जेवण झाल्यावर मला ते दाखवावं. चष्मा आणलेला आहे.