आठवड्यातला एक तास आपला

(आपल्या संघाच्या फेब्रुवारीच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलं आहे.)

ताईंनो, मावश्यांनो आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो. मी उभी राहिले की तुम्हाला वाटतं, आता ही हप्त्याचं बोलणार. आज हप्त्याचं नाही. आज वेळेचं बोलायचंय.

डिसेंबरात मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, अंतर्गत कर्जाचं ठरलं, पुस्तकं लिहून झाली. मग प्रशिक्षणाचा एक फॉर्म भरायचा होता. नाव, वय, शिक्षण आणि सगळ्यात खाली एक रकाना, छंद किंवा आवड. मी एकेकीला विचारत गेले. पहिली म्हणाली, "आमाला कशाचा आलाय छंद, मॅडम? लिवा स्वयंपाक." दुसरी म्हणाली, "माझं बी तेच लिवा." एक ताई म्हणाली, "माझा छंद झोप." सगळ्या हसल्या, मीही हसले. अकरा जणी होत्या, अकरा फॉर्मवर 'स्वयंपाक' लिहून मी मोकळी झाले. झोप म्हणणाऱ्या ताईच्या फॉर्मवरसुद्धा.

घरी येताना स्कूटीवर तेच डोक्यात. जे काम आवडो न आवडो रोज करावंच लागतं, त्याला छंद कसं म्हणायचं? आणि मी शिकलेली बाई, तिथं बसून तसंच लिहून आले.

म्हणून ठरवलं, आधी स्वतःचा आठवडा लिहून बघायचा. 12 ते 18 जानेवारी. संक्रांतीचा आठवडा, म्हणजे बाईला दम खायला सवड नसते ते तुम्हाला सांगायला नको.

सोमवारी दोन गावांत बैठका. येताना स्कूटी पंक्चर झाली, घरी पोचायला रात्रीचे आठ. आईनं गरम भाकरी वाढली. मंगळवारी भोगी. आई पहाटेच उठलेली. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भोगीची भाजी. आई म्हणाली, "जरा पावटा सोलून दे." मी म्हणाले, "आई, मला रिपोर्ट पाठवायचाय." बुधवारी संक्रांत. सुगडं पुजली, आई गल्लीतल्या बायकांबरोबर ववसायला गेली. मी नवी साडी नेसून फोटो काढले. गुरुवारी किंक्रांत, मी ऑफिसात. शुक्रवारी पुन्हा बैठका. शनिवारी एका गटाचं हळदीकुंकू, ते मघाशी ज्या भिंतीचं बोलले तशाच एका भिंतीला टेकून बसलेल्या आजीमुळं लक्षात राहिलं. तिचं पुढं सांगते.

रविवारी माझी पाळी. मला चित्रं काढायचा नाद आहे. सोलापूरला शिकायला होते तेव्हा रंगांची पेटी घेतली होती, ती वर्षभर उघडली नव्हती. रंग वाळून खडे झालेले, पाणी घालून भिजवले. गच्चीवर बसून समोरचं मालदांडीचं रान काढलं, हुरड्यात आलेलं. दीड तास कसा गेला कळलं नाही. लई बरं वाटलं.

रात्री वही लिहायला घेतली. रविवार, चार ते साडेपाच, चित्र. आणि लिहिता लिहिता आठवलं, त्या दीड तासात आई दोनदा जिना चढून चहा घेऊन आली होती. खाली पाहुणे होते, त्यांचं तिनंच बघितलं. माझे कपडे वाळत होते, ते तिनंच काढले. म्हणजे माझा दीड तास माझा नव्हताच. आईनं तिच्या वेळातून काढून मला दिला होता. आणि आठवडाभराच्या माझ्या वहीत आईचं नाव कुठंच नव्हतं.

मी उठून तिला विचारलं, "आई, तुझा छंद काय गं?"

ती म्हणाली, "मला कशाचा आलाय छंद?" अगदी तुमच्यासारखंच.

बाबा बाजूला बसले होते. ते म्हणाले, "अगं, ही वाकळ काय सुरेख शिवायची! पेटीत बघ, अर्धी राहिलेली असंल." पेटी उघडली. खाली खरंच वाकळ होती. आजीच्या जुन्या लुगड्याचा थर, कडेनं तिकोनी ठिगळांची ओळ, आणि टाके इतके बारीक की मोजताना डोळे दुखावेत. अर्ध्यावर सुई टोचून ठेवलेली, गंजलेली. मी दहावीला होते तेव्हा सुरू केली होती म्हणे. माझी परीक्षा, मग आजीचं आजारपण, मग माझं कॉलेज. राहिली ती राहिली.

आता माझी चूक सांगते. ती वाकळ बघून माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं? "आई, ही विकता येईल की! प्रदर्शनात ठेवू." बचत गटाचं काम करून करून जीभच तशी झालीय. आईनं वाकळ ओढून घेतली. म्हणाली, "ही इकायला न्हाय. ही मला करायचीय."

ताईंनो, मी हे कितीजणींना केलं असेल! कुणाची रांगोळी चांगली दिसली की ऑर्डर घ्या, कुणाच्या हाताला चव असली की मसाला करा. उद्योग करावाच, त्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक आवडीचा उद्योग केला, तर बाईजवळ तिचं असं काय राहतं? उद्योग झाला की त्यालाही हिशोब, त्यालाही घाई. तेही एक कामच.

आता शनिवारच्या आजीचं. हळदीकुंकवाला सगळ्या नावं घेत होत्या. कुणीतरी म्हणालं, आजीला ओव्या येतात. आजी नाही नाही म्हणाली आणि मग एकदा सुरू झाली ती अर्धा तास थांबेना. भावाच्या, लेकीच्या, विठ्ठलाच्या. तिच्या सुनेनं वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकल्या. मी विचारलं, "आजी, इतकी वर्षं का नाही म्हटल्या?" ती म्हणाली, "जातं गेलं, मग म्हणायच्या कुटं?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. गिरणी आली, कष्ट वाचले, चांगलंच झालं. पहाटे उठून दळणं परत नको. पण जो वेळ वाचला तो कुठं गेला? तो काही बाईच्या पदरात पडला नाही. तो दुसऱ्या कामात गेला आणि ओवी मात्र गेली.

आपल्या बायकांना फुरसत कधीच नव्हती, तरी त्यांनी कामातच गाणं केलं. शेजारच्या पंढरपुरात जनाबाईंनी दळता-कांडता अभंग रचले. कान्होपात्रा तर आपल्या मंगळवेढ्याच्याच. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, त्यांचेही अभंग आहेत. आणि पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. त्या कुणाच्या? तुमच्या-माझ्यासारख्या बायकांच्या. आज फॉर्म दिला तर त्यातल्या कितीजणींनी छंदाच्या रकान्यात 'स्वयंपाक' लिहिलं असतं!

आता एक आकडा सांगते, तेवढा लक्षात ठेवा. माणसं दिवसभराचा वेळ कशात घालवतात याची सरकारनं 2024 साली देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष 88 मिनिटं. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात नाही, ते वेगळं मोजलंय. 289 मिनिटं म्हणजे आठवड्याला जवळजवळ 34 तास, बिनपगारी. त्यातला मी एक तास मागतेय.

बचत गटात आपण काय करतो? घरखर्च भागल्यावर उरलेले पैसे टाकतो का? नाही. उरतच नाहीत. आधी बाजूला काढतो, मग भागवतो. वेळेचंही तसंच. उरेल म्हणून वाट बघितली तर माझ्या आईसारखी सुई गंजते.

म्हणून चार गोष्टी सांगते.

एक, सात दिवस वही लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातवाला सांगा. स्वतःबरोबर घरातल्या दुसऱ्या बाईचं कामही त्यात येऊ द्या. मी विसरले, तुम्ही विसरू नका.

दोन, वार आणि वेळ ठरवा आणि घरात मोठ्यानं सांगा. चोरून घेतलेला तास टिकत नाही.

तीन, त्या तासाचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. तुम्ही एक तास आधी उठून ते उरकायचं नाही. झोप मोडून मिळालेला वेळ हा बचत नाही, ते कर्ज आहे.

चार, तासाचा हिशोब कुणी मागायचा नाही. गाणं, शिवणं, वाचणं, झाडाखाली नुसतं बसणं, काहीही चालेल.

एका ताईनं मला विचारलं, "मॅडम, माझा नवरा वारला. दोन लेकरं, रोजानं जाते. माझ्या घरी कोण करणार?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग तिच्याच गटातल्या दोघींनी सांगितलं, रविवारी तुझी लेकरं तासभर आमच्याकडं. पुढच्या रविवारी आमची तुझ्याकडं. ज्वारीच्या काढणीत हे जमणार नाही असंही त्या म्हणाल्या. खरंय. पण काढणी काही बारा महिने नसते.

आमच्या घरचं सांगते. बुधवारी संध्याकाळी आता भाकरी मी करते, भांडी बाबा घासतात. पहिल्या बुधवारी माझ्या भाकरीचे तुकडे झाले आणि आई दर पाच मिनिटाला वाकळ सोडून स्वयंपाकघरात येत होती. म्हणाली, "नुसतं बसून कसंतरी होतंय." दुसऱ्या बुधवारी पाहुणे आले, सगळं बारगळलं. तिसऱ्या बुधवारी ती बसली. नवी सुई घेऊन बसली, आणि आम्ही जेवायला हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याच गटात परत गेले. तेच अकरा फॉर्म नेले. या वेळी विचारलं, "लहानपणी काय आवडायचं?" मग फुगडी निघाली, खो-खो निघाला, लेझीम निघालं, एकीनं सांगितलं की तिला गोष्टीची पुस्तकं वाचायची आवड होती. सगळ्यांचे रकाने खोडून नवे लिहिले. शेवटी त्या झोप म्हणणाऱ्या ताईकडं आले. ती म्हणाली, "माझं झोपच हाय मॅडम. धाकटं झाल्यापासून चार वर्षं सलग झोपले न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मी रकान्यात 'झोप' लिहिलं. आणि तिच्या शेजारच्या ताईनं विचारलं, "तुझ्या धाकट्याला कोणत्या वारी आणून सोडतीस?"

पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर ही वहीही घेऊन या. मी माझी आणते, आईचं पान लिहिलेली.