तेरचे चैत्य मागच्या बाजूने पाहा

(विहाराच्या वर्धापनदिनी ईट येथे केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. सूतगिरणीच्या रिंगखात्यात हयात गेलेला कामगार. पाळी करून जे वाचलं आणि डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच सांगतो.

आपण गाड्या करून अजिंठा-वेरूळला जातो. जावंच. पण आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर आहे. तिथं बहुतेक जण जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर असून तिथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाते. म्हणजे सूत कातणारे, विणणारे हात इथलेच! त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

त्याच तेरमध्ये त्रिविक्रमाचं मंदिर आहे. समोरून दिसतो तो नंतर जोडलेला मंडप. पण मागं जाऊन बघा. भिंत हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर विटांचं कमानदार छप्पर. कार्ल्याच्या लेण्यात डोंगर कोरून जो आकार काढला, तोच इथं विटांनी बांधलाय. हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या पाहणीत हे मूळचं बौद्ध चैत्य असल्याचं मत मांडलं. पुढं तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. असं उभं राहिलेलं विटांचं चैत्य देशात दुर्मिळ आहे.

बंधूंनो, हे मी भांडण लावायला सांगत नाही. तिथं पूजा करणाऱ्यांनीच ती वास्तू इतकी शतकं उभी ठेवली, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण आपली पोरं त्या भिंतीजवळून जातील आणि त्यांना काहीच कळणार नाही, हे मला सहन होत नाही.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेली नाणी, मातीच्या मूर्ती जपल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. एका माणसानं मनावर घेतलं तर एवढं होतं!

म्हणून विनंती एकच. यंदा विहारातर्फे मुलांची एक गाडी तेरला न्या. संग्रहालय दाखवा, चैत्याची गोल भिंत दाखवा. आणि आपल्या शिवारात नांगराला जुनी वीट लागली, तर ती बांधावर फेकू नका. आधी जाणकाराला दाखवा.

जयभीम! नमो बुद्धाय!