आमचा नंबर खाली गेला ती दुपार
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मी रॅलीबद्दल बोलणार म्हटल्यावर सकाळीच दोघींनी विचारलं, ‘मोटारी पळवण्याचा आणि आपल्या कामाचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. मोटारींची शर्यत म्हणजे पैसा, पेट्रोल आणि पुरुषांची मर्दुमकी, हेच आपण पाहत आलो.

मी गेले होते ती रॅली मोरोक्कोच्या वाळवंटात होते. दॉमिनिक सेरा या फ्रेंच बाईंनी ती १९९० साली सुरू केली. नाव ‘आइशा दे गाझेल’. भाग घेणाऱ्या सगळ्या बायकाच. गाडीत दोघी, एक चालवणार आणि दुसरी वाट काढणार. मी वाट काढणारी. जीपीएस नाही, मोबाईल नाही. कागदी नकाशा, होकायंत्र आणि पट्टी. चेकपॉइंट नकाशावर मांडायचे नि निघायचं. महत्त्वाची गोष्ट अशी, की इथे वेगाला गुण नाहीत. ज्या जोडीचे किलोमीटर सर्वांत कमी भरतील ती पहिली. म्हणजे वाळूची टेकडी दिसली की विचार करायचा, वळसा घालावा की वरून जावं? आधी एकीने पायी चढून पलीकडचा उतार बघून यायचं, मग गाडी न्यायची.

एका दुपारी एक गाडी पार आसापर्यंत रुतलेली दिसली. तिच्यातल्या दोघी गुणांत आमच्या अगदी मागे होत्या. माझी जोडीदारीण म्हणाली, ‘पुढे जाऊ. त्यांच्याकडे संकटात कळवायचं यंत्र आहे, जिवाला धोका नाही.’ तेही खरंच होतं. पण मेकॅनिक बोलावला की दंडाचे किलोमीटर चढतात. आम्ही दोघी तिथेच भर उन्हात भांडलो, आणि भांडता भांडताच फावडं काढलं. चाकांतली हवा कमी केली, खाली पट्ट्या सरकवल्या, दोर लावला. दोन तास गेले. शेवटचा चेकपॉइंट बंद झाला नि दंड आम्हाला बसला. आपला नंबर खाली जाणार हे फावडं मारताना दोघींनाही कळत होतं.

काही टप्पे दोन दिवसांचे असतात. तेव्हा तळावर परतता येत नाही, वाळूतच झोपायचं. अशा एका रात्री चार गाड्यांतल्या आम्ही आठ जणी एकत्र बसलो. चार देशांच्या बायका, पण विषय एकच निघाला: घरी मुलांना कोण बघतंय? कुणाची आई, कुणाची बहीण. एकीने सांगितलं, ‘नवरा बघतोय’, तर बाकीच्यांनी केवढं कौतुक केलं त्याचं! मला हसूही आलं आणि चीडही. तिच्या प्रवासाचं कौतुक राहिलं बाजूला. तळावर रात्रभर गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिकही मला बहुतेक पुरुषच दिसले.

आणखी एक बोचतं. या रॅलीला लाखो रुपये लागतात. पुरस्कर्ता मिळाला म्हणून मी गेले. वाटेतल्या गावांत पाणी वाहणाऱ्या बायका आमच्याकडे पाहत उभ्या राहत. त्यांना आमच्यातलं काय उपयोगाचं? त्याच देशातल्या स्त्री-संघटनांनी १९९२ साली कुटुंब कायदा बदलण्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम काढली होती. २००४ साली नवा कायदा आला. मुलींच्या लग्नाचं वय पंधरावरून अठरा झालं, न्यायाधीशांच्या परवानगीची पळवाट मात्र उरली. धाडस म्हणायचं तर मी त्या सह्यांना आधी म्हणेन.

एसाउइराला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर, आमच्या त्या चार गाड्या एकापाठोपाठ आल्या. ज्यांना वाळूतून काढलं त्या यादीत आमच्या वर होत्या. राग आला का? थोडा आला. त्यातली एक धावत आली, आमच्या रेडिएटरवर हात ठेवून म्हणाली, ‘हे गळतंय.’ मग चौघी बॉनेट उघडून तिथेच बसलो. बक्षीस समारंभाचा पहिला भाग आमचा हुकलाच.

आपल्यातल्या पुष्कळ जणी मोर्च्याचा रस्ता ठरवतात, पण नकाशा समोर आला की तो भावाकडे किंवा ड्रायव्हरकडे सरकवतात. मी आपल्या तालुक्याचे कागदी नकाशे आणि चार होकायंत्रं आणली आहेत. चहा झाल्यावर मागच्या पटांगणात या.