नवी वस्तु आणि कारखान्याचा चालक

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हां दोन्ही टोकांचे दोर एकाच तालावर ओढावे लागतात. तेथें वाद घालीत बसल्यास मासळी निसटते. म्हणून जाणत्या माणसाची हांक सर्वजण मानतात. कारखान्यांत ठरलेला माल काढतांनाहि अशीच शिस्त हवी. परंतु पूर्वीं न झालेली वस्तु घडवावयाची असेल, तर नुसती हुकमत पुरी पडते काय? याचें उत्तर महाराष्ट्राच्याच उद्योगाच्या इतिहासांत सांपडतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईस चित्रकला शिकण्यास गेले. पण रंग ओळखण्यांत दृष्टि अधू ठरल्यानें ते यंत्रविद्येकडे वळले. बेळगांवांत बंधु रामूअण्णांसह सायकलींचें दुकान चालवीत असतांनाच त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र व मागाहून लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं! केवळ महिन्याचा हिशेब पाहणाऱ्या मालकानें नांगराचें काम तेथेंच गुंडाळलें असतें. लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं.

पुढें बेळगांवची जागा सोडणें भाग पडलें. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जमीन व कर्ज देऊन आश्रय दिला, आणि १९१० सालीं कुंडलरोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. ज्याच्या हातीं सत्ता व पैसा आहे त्यानें प्रयोगास अवधि द्यावा, हाहि नेतृत्वाचाच भाग होय. नांगराच्या यशावरच संतुष्ट न राहतां पंप निघाले. अमेरिकेंत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांना वाव मिळाला. आणि १९४६ सालीं पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला.

यावरून एक विवेक ध्यानीं येतो. वस्तु मनांत आकार घेत असते तोंवर चालकानें कान उघडे ठेवावे, चुका सोसाव्या. नमुना पक्का झाला म्हणजे मात्र मापांत, ओतकामांत व वायद्यांत तसूभर ढिलाई चालू देऊं नये. पहिल्या वेळीं दरारा दाखविल्यास कल्पना मरते. दुसऱ्या वेळीं सैलपणा केल्यास माल बिघडतो.

सिंधुदुर्गांत हा विवेक काजूच्या कारखान्यांत उपयोगी पडेल. काजूच्या टरफलांतील तेलानें फोडणाऱ्या बायांचे हात भाजतात. हातांना जपणारें आणि गर अखंड ठेवणारें यंत्र कसें असावें, हें त्या बायांना विचारल्यावांचून कागदावर उतरणार नाहीं. जेथें कामकरी बाई मालकापुढें निर्भयपणें "हें यंत्र चुकतें आहे" असें म्हणूं शकते, तेथेंच नवी वस्तु जन्मास येण्याचा संभव अधिक.