८२ पीएस, चार माणसं आणि मे महिना

आजचं रेकॉर्डिंग मी गाडीतच बसून करतोय. वाडीत, घरासमोर, काचा बंद करून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सपोर्टवाल्यांचे ट्रक लागतात, त्यामुळे मध्येच रिव्हर्सचा भोंगा वाजला तर समजून घ्या.

मागच्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "भाऊ, ती उताराच्या छताची गाडी आवडली आहे, पण टर्बो बजेटच्या बाहेर जाते. साधं पेट्रोल इंजिन घेतलं तर रोजच्या वापराला चालेल का?" मी नेमकी तीच गाडी घेतली आहे. सिट्रोएन बसाल्ट, १.२ लिटर, टर्बो नसलेली, पाच गिअरची मॅन्युअल. म्हटलं, यावर एकदा सविस्तर बोलूनच टाकू.

आधी नावाचा घोळ. कूपे म्हटलं की आमच्या घरात अजूनही रेल्वेतला फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कप्पा आठवतो. शब्द एकच आहे, फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. पूर्वी घोडागाडीचा एक भाग कापून लहान केलेली बग्गी असायची, तिला हे नाव होतं. मोटारीत कूपे म्हणजे खरं तर दोन दारांची, मागे उतरत्या छताची गाडी. तशी स्वस्त गाडी आपल्याकडे मिळत नाही, आणि मिळाली तरी आई-बाबांना घेऊन शेगावला कशी जाणार? मग कंपन्यांनी मधला मार्ग काढला: खालून एसयूव्ही, वरून कूपे, दारं चार. २००८च्या बीएमडब्ल्यू एक्स ६ नंतर ही फॅशन जगभर पसरली. आपल्या खिशाच्या जवळ ती आली २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आधी बसाल्ट आणि पाठोपाठ टाटा कर्व्हचं पेट्रोल-डिझेल मॉडेल.

बाबांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "हे काय बाप्पा, मागून बसल्यासारखी दिसून राह्यली." बाबांनी पंचवीस वर्षं ट्रक चालवलाय, त्यामुळे गाडी दिसते कशी यापेक्षा ती ओढते कशी यात त्यांना जास्त रस.

लोक विचारत नाहीत असा एक मुद्दा आधी सांगतो. ही गाडी 'छोटी' नाही, निदान सरकारच्या हिशेबात नाही. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तरच छोट्या गाडीचा कर लागतो. बसाल्टचं इंजिन ११९९ सीसी, म्हणजे पहिली अट पास. पण लांबी ४३५२ मिलिमीटर. छत मागे उतरवायचं, मागच्या माणसाचं डोकंही वाचवायचं आणि डिकीही द्यायची, तर लांबी वाढवावीच लागते. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला तेव्हा छोट्या गाड्या १८ टक्क्यांत गेल्या आणि ही ४० टक्क्यांत. आधी सेस धरून ४५ टक्के होता, म्हणजे थोडा दिलासा मिळाला, पण छोट्या गाडीएवढा नाही. त्या उताराचे पैसे आपण असे भरतो.

आता इंजिन. ८२ पीएस ताकद, ११५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो टॉर्क पूर्ण मिळतो ३७५० आरपीएमला. टर्बोवाल्या मॅन्युअलमध्ये ११० पीएस आणि १९० न्यूटन मीटर, तेही खूप आधी, १७५०लाच. लाँचच्या किमतीत सारख्या व्हेरिएंटमध्ये दोघींत दीड लाखाचा फरक होता. पाच वर्षांच्या कर्जावर महिन्याला तीन हजारांच्या आसपास हप्ता वाढतो. आमच्या क्षेत्रात सध्या कोणाची नोकरी कधी जाईल सांगता येत नाही. मी ते तीन हजार वाचवले.

रोजचा रस्ता माझा वाडी ते मिहान. एमआयडीसीच्या बाजूनं हिंगणा रोड, मग आउटर रिंग रोड. या रस्त्यावर मला टर्बोची आठवण एकदाही आली नाही. आठव्या मैलाच्या चौकात ट्रकच्या मागे गाडी सरकत असते तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये पंधराच्या स्पीडला ती शांतपणे चालते, झटके देत नाही. टर्बोमध्ये कमी आरपीएमला आधी काही नाही आणि मग एकदम धक्का असं कधी कधी होतं, ते इथे नाही. पाय दाबला तेवढी जाते. इंजिन तीन सिलिंडरचं आहे, त्यामुळे सिग्नलला उभं असताना सीटमध्ये बारीक थरथर जाणवते. पंधरा दिवसांनी ती जाणवायची बंद झाली. गाडीची नाही, मला.

खड्ड्यांत ही गाडी खरंच छान आहे. उड्डाणपुलाचं काम चालू होतं त्या दिवसांत वाडीत रस्ता असा नव्हताच, पण कमरेला त्रास झाला नाही. सस्पेन्शन मऊ आहे. वळणावर थोडी कलते, पण मी काही रेस खेळत नाही.

मायलेज मी टाकी ते टाकी मोजतो, स्क्रीनवरचा आकडा बघत नाही. शहरात १३-१४, हायवेवर ऐंशी-नव्वदनं गेलं तर १८च्या जवळ. उन्हाळ्यात शहरातला आकडा १२वर येतो.

आणि उन्हाळ्याचं थोडं थांबून सांगतो, कारण युट्यूबवरचे रिव्ह्यू बहुतेक हिवाळ्यात नाहीतर डोंगरात शूट केलेले असतात. टर्बो नसलेलं इंजिन हवा स्वतः ओढतं. हवा तापली की विरळ होते. २५ डिग्रीच्या मानानं ४५ डिग्रीला तीच हवा साधारण सहा टक्के हलकी असते. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन कमी, ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी. वर एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. ब्रोशरमधले ८२ हे नागपूरच्या मे महिन्यातले ८२ नव्हेत. त्यात चार माणसं आणि डिकीत सामान. ती ४७० लिटरची आहे, त्यामुळे आई सामान कमी घेतच नाही.

हे गणित मला आधीही येत होतं. कळलं मात्र रस्त्यावर.

गेल्या मेमध्ये आम्ही एका लग्नाला काटोलला निघालो. कोंढाळीपर्यंत चौपदरी, पुढे काटोलचा दुपदरी फाटा. पुढे संत्र्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक, साठच्या स्पीडला. मी चौथ्या गिअरमध्ये, एसी फुल. समोर रस्ता मोकळा दिसला, बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला. आणि काहीच झालं नाही. म्हणजे स्पीड वाढत होती, पण लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतो त्या गतीनं. मी ट्रकच्या मध्यापर्यंत पोचलो तेव्हा समोरच्या वळणावरून एसटी आली. ब्रेक मारला, मागे झालो, परत ट्रकच्या मागे शिरलो. ट्रकवाला भला माणूस, त्यानंही स्पीड सोडली नसती तर काय झालं असतं यावर मी फार विचार करत नाही.

मागे आई होती. मावशी होती. बाबा माझ्या शेजारी न बसता मागेच बसले होते, कारण पुढे भाचा हट्टानं बसला होता. काटोल येईपर्यंत कोणी बोललं नाही. गाडी लावल्यावर बाबा खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "गिअर टाकाचा होता ना आधी."

बरोबर होतं. चौथ्यात साठला काटा अडीच हजारांच्या आसपास असतो. या इंजिनाची ताकद तिथे नसतेच. तिसरा टाकला असता तर काटा साडेतीन हजारांजवळ गेला असता, जिथे ते ओढायला लागतं. आवाज होतो, म्हणून आपण टाळतो. चूक इंजिनाची नव्हती, मी दुसऱ्यांच्या टर्बो गाड्या चालवून लागलेल्या सवयीनं ही चालवत होतो.

घरी येऊन मी हिशेब केला. ट्रक साठनं, तुम्ही आधीच ऐंशीवर असाल, तर फरक वीसचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी, तुमची लांबी आणि पुढे-मागे सोडायची जागा धरली तर ५५ मीटर कापायचे. दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत तुम्ही २२० मीटर पुढे जाता, आणि समोरून ऐंशीनं येणारा २२० मीटर तुमच्याकडे येतो. जवळजवळ साडेचारशे मीटर मोकळा रस्ता लागतो, तोही स्पीड आधीच असेल तर. साठवरून सुरुवात केली तर आणखी जास्त. मी त्या दिवशी किती मोकळा बघितला होता? दोनशे असेल.

तेव्हापासून मी दुपदरी रस्त्यावर दोनच गोष्टी करतो. बाहेर निघायच्या आधी गिअर खाली. आणि शंका आली की ट्रकच्या मागेच राहतो, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. चौपदरीवर हा प्रश्न उरत नाही. शेगावला आम्ही सगळे जाऊन आलो, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला करत. अमरावती-अकोल्यामधला एक पट्टा म्हणजे तोच रस्ता, ज्यावर जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस रेकॉर्ड केलं होतं. तिथे नव्वदला गाडी एकदम निवांत. तळेगावच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढली, रडली नाही. समृद्धीवरही नेली आहे. १२०ची परवानगी आहे, पण मला शंभरच्या पुढे नेऊन काही मिळत नाही, आवाज वाढतो आणि पेट्रोल जातं.

राहिला तो उतार. दोन गोष्टी. मागची काच आडवी आणि अरुंद, त्यामुळे आरशात मागच्या ट्रकचा बंपर आणि नंबरप्लेट एवढंच दिसतं. वाडीत राहून हे असं म्हणजे गंमतच. मी आता बाजूच्या आरशांवर चालवतो. आणि धूळ. आडव्या काचेवर ती रात्रभर साचते, रोज सकाळी फडकं मारावंच लागतं.

मागच्या सीटबद्दल मात्र मी चुकीचा ठरलो. मला वाटलं होतं उताराखाली बाबांचं डोकं लागेल. ते पावणेसहा फूट आहेत, नाही लागलं. व्हीलबेस २६५१ मिलिमीटर आहे, पाय मोकळे राहतात. आईच्या गुडघ्यांना सीटची उंची बरोबर जमते, वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. सहा फुटांच्या वरचं कोणी असेल तर मात्र त्याला घेऊनच शोरूमला जा.

म्हणजे घ्यायची की नाही? तुमचं नव्वद टक्के चालवणं शहरात आणि चौपदरीवर असेल तर दीड लाख वाचवा. गाव काटोल, नरखेड, पांढुर्णा अशा बाजूला असेल, दर आठवड्याला दुपदरीवर, घरचे चौघं घेऊन जात असाल, तर टर्बोसाठी सहा महिने थांबा. थांबणं जमत नसेल तर दुसरी कोणती तरी गाडी बघा. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, खरं सांगू, बहुतेक हीच घेतली असती. पण काटोलच्या रस्त्यावर तसा बाहेर नसतो निघालो.

टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा सकाळी दहाला एकटे जाऊ नका. सेल्समन एसी एकवर ठेवतो आणि रिकाम्या रस्त्यानं फिरवून आणतो. दुपारी दोनला जा, घरचे तिघं बसवा, एसी चारवर करा आणि एखादा उड्डाणपूल चौथ्या गिअरमध्ये चढून बघा. मग तोच तिसऱ्यात.

बाबा खिडकीवर टकटक करतायत, त्यांना बाजारात जायचंय. हल्ली चावी तेच घेतात. पुढच्या भागात सेकंड हँड गाडीची कागदपत्रं कशी तपासायची ते बोलू. प्रश्न पाठवत राहा.