उड्डाण थांबलं तेव्हा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "विमानातल्या गमतीजमती सांग. कंटाळवाणं बोलू नकोस." गमतीजमती मी जेवणाच्या पंगतीत सांगेन. इथे मला मी विमान उडवत नव्हतो त्या अकरा महिन्यांबद्दल बोलायचं आहे. आपण सगळे आता पन्नाशीला टेकलो आहोत, म्हणून हे बोलणं अगदीच अस्थानी होणार नाही असं वाटतं.

आधी थोडं आमच्या नोकरीविषयी. वैमानिकाचा पगार मोठा असतो असं सगळे म्हणतात, ते खोटं नाही. पण तो पगार दोन कागदांवर उभा असतो. एक लायसन्स आणि दुसरं वैद्यकीय प्रमाणपत्र. ठरावीक मुदतीने आमची तपासणी होते. डोळे, कान, रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, सगळं बघतात. डॉक्टरांनी 'तात्पुरता अपात्र' असा शेरा मारला की त्या दिवसापासून विमानाला हात लावता येत नाही. शेजाऱ्याला बायपास होते आणि तो तीन महिन्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसतो. आमचा गल्लाच बंद होतो. आपल्या वर्गातला एकजण एसटीवर ड्रायव्हर आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. डोळ्यांची तपासणी त्यालाही चुकत नाही.

आता मूळ गोष्ट. २०२० साली २५ मार्चला देशातली प्रवासी विमानं थांबली, ती २५ मेला पुन्हा उडू लागली. त्या काळात आमचे पगार कापले गेले. आमच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. दरमहा अमुक तासांचे पैसे नक्की मिळतील, अशी हमी करारात असते. ती हमीच खाली आली. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, सगळ्यांची ओढाताण झाली. दोन वर्षांनी आमच्या संघटनेची व्यवस्थापनाशी नव्या कराराची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी संघटनेच्या समितीवर होतो.

बोलण्यांत बरेच मुद्दे होते. तासांची हमी, नोकरी सोडताना द्यायची लांबलचक नोटीस, दोन उड्डाणांमधली विश्रांती, परगावच्या मुक्कामाचा भत्ता. शेवटी गाडी एका ठिकाणी अडली. व्यवस्थापन म्हणालं, दोनपैकी एक घ्या. एक तर मुक्कामाचा भत्ता वाढवून देतो, नाही तर वैमानिक तात्पुरता अपात्र ठरला तर वर्षभर पूर्ण पगार देतो. दोन्ही जमणार नाही.

अंधेरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सभा झाली. बहुतेक सभासद तिशीतले, दोन वर्षं पगार कापून घेतलेले. त्यांना हातात पैसे हवे होते. एक ज्येष्ठ कॅप्टन मात्र उठून म्हणाले, "अरे, आपण संपावर जाताना नोटीस देतो. शरीर संपावर जाताना देत नाही." लोक हसले. मत मोजणी झाली आणि भत्ता जिंकला. अपात्र ठरल्यास तीन महिने पूर्ण पगार, नंतर फक्त मूळ पगार, असं कलम राहिलं. उड्डाण नाही तर उड्डाणाचा भत्ता नाही. मित्रांनो, मी समितीवर होतो, कराराचा मसुदा माझ्या हातात होता, आणि मीही भत्त्यासाठीच हात वर केला होता.

गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, आपण म्हणायचात, "उदाहरण दोनदा वाच, मग पेन उचल." मी ते कलम एकदाच वाचलं. ते आजारी माणसांसाठी आहे असं समजून वाचलं. मी आजारी नव्हतो ना!

पुढच्याच वर्षी नेहमीच्या तपासणीत माझ्या हृदयाच्या आलेखात काहीतरी खटकलं. पुढच्या तपासण्यांत एका रक्तवाहिनीत अडथळा सापडला. छातीत कधी कळ आली नव्हती. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, आणि शेरा पडला, तात्पुरता अपात्र.

आमच्या क्षेत्रात 'लायसन्स गेल्याचा विमा' असतो. कंपनीतर्फे गटाचा असा विमा आम्हाला होता. मला वाटलं, चला, आता तो कामाला येईल. कागद काढून बघितले तर तो कायमच्या अपात्रतेला होता. मी तात्पुरता अपात्र होतो. म्हणजे बरा होण्याची शक्यता होती म्हणून पैसे नाहीत, आणि बरा झालो नव्हतो म्हणून पगार नाही. चौथ्या महिन्यात जो पगार खात्यात आला, तो बघून मी मोबाइल उलटा करून ठेवला.

इथे आमच्या सौभाग्यवतींचं नाव घ्यायला हवं, पण ती समोरच बसली आहे, म्हणून नुसतं 'ही' म्हणतो. ही सहकारी बँकेत नोकरीला. कर्जाची प्रकरणं बघण्यात तिची पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे कागद नीट वाचायची तिला सवय. लग्नानंतर मी नात्यातल्या एका एजंटकडून भराभर मनी-बॅक पॉलिसी घेतल्या होत्या. हप्ते जबरदस्त आणि विम्याची रक्कम अगदी किरकोळ. मी चाळिशीला आलो तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही उद्या नसलात तर यात घराचं कर्जसुद्धा फिटत नाही." मी म्हणालो, "कंपनीचा गटविमा आहे की." ती म्हणाली, "तो कंपनीचा आहे. नोकरी आहे तोवर आपला."

तिने मला मुदतीचा साधा विमा घ्यायला लावला, ज्याला टर्म प्लॅन म्हणतात. जगलो तर काही परत मिळत नाही, म्हणून मला तो पैसा वाया गेल्यासारखा वाटायचा. आरोग्यविम्याचंही तसंच. कंपनीचं मेडिक्लेम असताना तिने कुटुंबासाठी वेगळी पॉलिसी काढली. त्यावरून आमचं भांडण झालं होतं, हे आज इथे कबूल करतो.

त्या अकरा महिन्यांत मनी-बॅकचे हप्ते भरता भरता नाकी नऊ आले. टर्म प्लॅनचा हप्ता मात्र सहज भरला जात होता. आणि एक गोष्ट ध्यानात आली. स्टेंट बसल्यावर मला नवा विमा कोणी सहजासहजी दिला नसता, आणि दिला असता तर हप्ता चढा लावला असता. जो होता, तो धडधाकट असताना घेतलेलाच होता.

आमच्या क्षेत्रात हे आधीही घडलेलं आहे. किंगफिशर २०१२ साली बंद पडली. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. कंपनी थांबली की पगार थांबतो, आणि मालकाने काढलेला गटविमाही त्याच्यामागे जातो. नेमकी त्याच वेळी माणसाला त्याची गरज असते.

म्हणून मी घरी बसून जे शिकलो, त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

नोकरीतला आरोग्यविमा सुटत असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. पण तो वेळेत करावा लागतो, आणि स्वीकारायचा की नाही हे कंपनी ठरवते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. म्हणजे आज घेतलेली पॉलिसी मधुमेहाच्या गुंतागुंतीला कदाचित तीन वर्षांनी कामी येईल. पुढे ढकललं तर तीही पुढेच जाणार. अर्ज भरताना बीपी, साखर काही लपवू नका. एजंट म्हणेल "लिहू नका", तरी लिहा.

जे धंद्यात आहेत, ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यांनी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा विचारून घ्यावा. त्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतलेल्या पॉलिसीवर सावकाराला किंवा बँकेला हात घालता येत नाही. पण ते पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं, मागाहून नाही. आणि अपघात विमा घेताना कामाचं स्वरूप खरं सांगा. बऱ्याच अपघात पॉलिसींत विमानातला प्रवासी धरलेला असतो, वैमानिक नसतो. माझ्या एका पॉलिसीत तसंच होतं. दहा वर्षं मी तिचे हप्ते भरत होतो.

अकरा महिन्यांनी मला पुन्हा उडायची परवानगी मिळाली. एक अट आहे, शेजारी पूर्ण पात्र वैमानिक हवा. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. शेजारी चांगला माणूस असणं वाईट नसतं, हे मला घरीच कळलं होतं.

परत आल्यावर संघटनेच्या सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं, की मागच्या वेळी माझं मत चुकलं. पोरांना पगाराची चिठ्ठी दाखवली, चौथ्या महिन्याची. कोणी हसलं नाही. पुढच्या करारात तीन महिन्यांचे सहा महिने झाले. वर्ष मागितलं होतं, सहा मिळाले. भत्त्याची वाढ थोडी सोडावी लागली. त्या ज्येष्ठ कॅप्टनना मी फोन केला. ते आता निवृत्त आहेत. म्हणाले, "उरलेल्या सहांसाठी पुढच्या वेळी भांड."

मित्रांनो, आपल्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, कारखान्यात आहेत, दुकानदार आहेत. प्रत्येकाच्या कपाटात एक फाइल असेल, आणि तीत काय आहे हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असेल. घरी गेलात की ती फाइल दोघांनी मिळून काढा. नॉमिनी कोण आहे ते बघा. काहींच्या पॉलिसीवर अजून लग्नाआधीचं नाव असेल. आणि तुमच्या संघटनेचा, पतपेढीचा, सोसायटीचा कसलाही करार समोर आला, तर सगळ्यांत कंटाळवाणं कलम आधी वाचा.

दोनदा वाचा. सर, या वेळी मी दोनदा वाचलं.