लातूरची तूर, अर्धापूरची केळी आणि समुद्राची वाट

(लातूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर एका निवृत्त भूगोल शिक्षकाने केलेले भाषण)



आशियाई देशांशी दळणवळण वाढावे म्हणून शासनाची जी व्यापारी शिष्टमंडळे परदेशी जातात, त्यांच्याविषयी मी बोलावे अशी आपली सूचना होती. मी व्यापारी नाही आणि कोणत्याही शिष्टमंडळात गेलेलो नाही. आयुष्यभर मुलांना नकाशे काढावयास शिकविले, एवढीच माझी पात्रता. तेव्हा या विषयाकडे मी नकाशाच्या बाजूनेच पाहणार आहे.

काही वर्षांपूर्वी लातूरच्या आडत बाजारात एका दुकानी बसलो होतो. तुरीची पोती उतरवून आलेले एक वयस्क शेतकरी भावाच्या फळ्याकडे पाहत होते. फळ्यावर पांढऱ्या तुरीचा भाव होता, लाल तुरीचा होता आणि त्याखाली ‘लेमन’ असा एक शब्द होता. त्यांनी मला विचारले, “गुरुजी, ही लेमन तूर कोणत्या शिवारातली?” मी सांगितले, ब्रह्मदेशातली, त्याला आता म्यानमार म्हणतात. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इतक्या लांबून येऊन ती आमच्या तुरीच्या शेजारी कशी काय बसती?” माझे आजचे भाषण म्हणजे या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

म्यानमारमध्ये तूर व उडीद पिकतात ते मुख्यतः भारतासाठी. आपल्यासारखे तुरीचे वरण तेथे घरोघर शिजत नाही. यांगून बंदरात भरलेला माल बंगालचा उपसागर ओलांडून चेन्नईला उतरतो किंवा वळसा घालून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात येतो. जहाजाचे टनामागील भाडे ट्रकच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पडते. म्हणून समुद्रावरचे हजारो किलोमीटर स्वस्तात कापले जातात आणि चेन्नईपासून लातूरपर्यंतचे आठशेहून अधिक किलोमीटर मात्र जड जातात. तरीही हा माल येथे येतो, कारण डाळीच्या गिरण्या येथे आहेत. जून २०२१ मध्ये भारत व म्यानमार यांच्यात करार झाला. त्याअन्वये २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचे ठरले. मोझांबिक व मलावी या आफ्रिकी देशांशीही असेच करार झाले होते.

म्हणजे आशियाशी आपले दळणवळण जोडले जाईल की नाही, हा प्रश्न लातूरपुरता शिळा झाला आहे. ते जोडले गेलेले आहे. त्या वाटेवरून येते काय आणि जाते काय, एवढेच पाहावयाचे उरले आहे.

हा प्रश्नही या भूमीला नवा नाही. येथून जवळच धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन काळचे तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीवही लिहून ठेवली. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून पुष्कळ कापड भरूचच्या बंदराकडे जाते, अशी नोंद तीत आहे. हा माल गाड्यांतून जातो आणि मोठा मुलूख रस्त्यावाचूनचा आहे, असेही तो लिहितो. माल उत्तम आणि रस्ता नाही, ही मराठवाड्याची तक्रार जवळजवळ दोन हजार वर्षांची जुनी आहे म्हणावयास हरकत नाही!

पुढे निजामाच्या राजवटीत हा प्रदेश समुद्रापासून अधिकच तुटला. हैदराबाद संस्थानाला स्वतःचे बंदर नव्हते. रेल्वे आली, पण तुकड्यातुकड्यांनी आली. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि लातूरच्या बाजाराला खरा जोर आला. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात त्या आपल्या गंजगोलाईची भरभराट या छोट्या गाडीशिवाय झाली नसती. मात्र तिच्या रुळांतील अंतर होते अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीला लातूरचे प्रत्येक पोते हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढविल्याशिवाय मुंबईची वाट धरीत नसे. नांदेडची अवस्था फारशी वेगळी नव्हती. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी लोहमार्गाची वाट मीटर रुंदीची, आणि मनमाडपासून पुढची मोठ्या रुंदीची. नांदेडच्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरून पुन्हा चढत. प्रत्येक चढउतारीचा खर्च, फुटलेल्या पोत्यांची तूट आणि गेलेला दिवस अखेर शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होत असे. मनमाड–नांदेड मार्गाचे रुंदीकरण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाले. लातूर–कुर्डुवाडी मार्गाला २००७-०८ उजाडावे लागले.

हा रुंद झालेला मार्ग नसता तर काय झाले असते, हे आपण एप्रिल २०१६ मध्ये पाहिले. मिरजेहून पाणी घेऊन आलेली पहिली गाडी १२ एप्रिलला येथे पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. दळणवळण म्हणजे काय, हे मला वाटते त्या उन्हाळ्यात लातूरच्या लहान मुलालाही शिकविण्याची गरज उरली नव्हती.

आता शिष्टमंडळांकडे वळतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांताशी सहकार्याचा करार केला. त्यानंतर २०१५ व २०२३ मध्ये राज्याची उच्चस्तरीय शिष्टमंडळे जपानला जाऊन आली. असल्या दौऱ्यांची आपल्याकडे थट्टा करण्याची रीत आहे आणि काही थट्टा योग्यही असेल. परंतु शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू जपानी कर्जाच्या साहाय्याने उभा राहिला. मुंबईच्या बंदरापासून उत्तरेकडे जाणारा मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्गही जपानी अर्थसाहाय्याचाच. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला आणि २०२३ मध्ये रेल विकास निगम व रशियन कंपनी यांच्या संयुक्त संस्थेशी शयनयान गाड्या बांधण्याचा करार झाला. परदेशी बोलणी आपल्या दारापर्यंत येत नाहीत, असे निदान लातूरकरांना म्हणता येणार नाही.

मोठी कामे पुढेही आहेत. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याचा अपेक्षित खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळचे काम जालन्याच्या शुष्क बंदराचे. त्याची पायाभरणी डिसेंबर २०१५ मधली. शुष्क बंदर म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची सीमाशुल्क तपासणी गावाजवळ आणणे. कंटेनर येथेच भरावयाचा, येथेच तपासून मोहोरबंद करावयाचा आणि रेल्वेने थेट जहाजाशी न्यावयाचा. मुंबईत कंटेनर पुन्हा उघडावा लागत नाही. कुर्डुवाडीच्या हमालांची आठवण असलेल्यांना यातले महत्त्व लगेच कळेल. पायाभरणीचा दगड आणि वाहत्या कामकाजाचा दिवस यांत आपल्याकडे किती अंतर पडते, हेही येथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

आणि येथेच माझी खरी शंका सुरू होते. रस्ता, रेल्वे आणि बंदर यांना दिशा नसते. त्यांवरून माल दोन्हीकडे जातो. २०२१ च्या ऑगस्टच्या आरंभी लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. कुक्कुटपालन व्यवसायाला खाद्य महाग पडू लागले, म्हणून त्याच महिन्याच्या २४ तारखेला बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली. ती कोठून यावी हेही ठरवून दिले होते: एक न्हावा शेवा आणि दुसरे बांगलादेशच्या सीमेवरचे पेट्रापोल. ऑक्टोबरमध्ये नवा माल आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होते. नव्या आवकेचाही त्यात मोठा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. सगळा दोष पेंडीच्या माथी मारणे बरोबर नाही. तुरीचेही तेच. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि ती सवलत वेळोवेळी वाढवीत मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. त्यातली एक मुदतवाढ जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे आपली तूर खळ्यावर असतानाच जाहीर झाली. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली राहिले. आदल्या वर्षी हीच तूर दहा हजारांच्या वर गेली होती.

शहरातल्या कामगाराला डाळ परवडली पाहिजे, हे मी नाकारीत नाही. तोही आपल्याच गावातून गेलेला आहे. माझी तक्रार वेळेविषयी आहे. शेतकरी पेरणीचा निर्णय जूनमध्ये घेतो. जहाजांचा निर्णय जानेवारीत कळला, तर तो निर्णय त्याच्या उपयोगाचा नाही.

जाणाऱ्या मालाची बाजू पाहू. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणारी पेंड भारतातून आशियातील अनेक देशांना जात आली आहे. नांदेड, हिंगोली, वसमतची हळद बाजारपेठांतून पुढे बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, इराणकडे जाते. वसमतच्या हळदीला, तसेच लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु सर्वांत बोलका दाखला अर्धापूरच्या केळीचा आहे.

अर्धापूरची केळी इराण, इराक आणि आखाती देशांकडे जाते. ती जाते कशी, हे पाहण्यासारखे आहे. घड झाडावर असतानाच त्याला पिशवी चढवितात. कच्चा, हिरवा घड अंगाला डाग न पाडता उतरवून फण्या सोडवितात, पाण्यात धुतात, तेरा किलोच्या सुमाराच्या खोक्यांत बसवितात आणि थंड कंटेनरमध्ये सुमारे तेरा अंशांवर ठेवतात. तापमान याहून खाली गेले तर साल काळवंडते, वर गेले तर केळी वाटेतच पिकते. बागेतून निघालेला ट्रॅक्टर पाणंद रस्त्यावर अर्धा तास आदळत राहिला, तर पुढची सगळी शीतसाखळी व्यर्थ. तेव्हा इराणच्या बंदरापर्यंतच्या वाटेतला सर्वांत नाजूक तुकडा कोणता? माझ्या मते, बागेपासून डांबरी सडकेपर्यंतचा. आणि त्या तुकड्याचे धनी परराष्ट्र मंत्रालय नाही. येथे बसलेले पंचायत सदस्य आहेत.

तेच सोयाबीनचे. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. खरीप २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, कारण पावसाने माल भिजला होता आणि वाळवावयास जागा नव्हती. गावागणिक एक सिमेंटचे खळे व ओलावा मोजण्याचे एक यंत्र यांचा खर्च शिष्टमंडळाच्या विमानभाड्याशी ताडून पाहा. मी दौऱ्यांच्या विरुद्ध नाही. दौरा करून मागणी आणावी आणि माल ओला म्हणून परत जावा, हे मला परवडणारे वाटत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. आठवीच्या वर्गात नकाशा काढताना लातूरपासून यांगूनपर्यंत आणि अर्धापूरपासून बंदर अब्बासपर्यंत अशा दोन रेषा काढून घ्याव्यात. मुलांना आपल्या शेतातला माल कोठे थांबतो ते त्यावर खुणा करून दाखविता येते. मी हे करून पाहिले आहे. मुले घरी जाऊन वडिलांना असे प्रश्न विचारतात की दुसऱ्या दिवशी वडील शाळेत येतात.

अधिकारीवर्गास विनंती अशी की, पुढचे शिष्टमंडळ निघण्यापूर्वी जिल्ह्याकडून माहिती मागविली जाईल तेव्हा केवळ पिकांचे क्षेत्र कळवून थांबू नये. कोणत्या महिन्यात किती माल, किती ओलाव्याचा, किती प्रतीचा देता येईल; फवारणीच्या नोंदी किती शेतकऱ्यांकडे आहेत; आणि कोणत्या गावातून पावसाळ्यात ट्रक निघू शकत नाही, हे कळवावे. समोरचा खरेदीदार हेच विचारतो. त्याचबरोबर येणाऱ्या कडधान्याच्या जहाजांची व सौद्यांची माहिती बाजार समितीच्या फळ्यावर, पेरणीपूर्वी लागेल अशी व्यवस्था मागावी.

या माहितीचा एक कोरा तक्ता मी करून आणला आहे. पहिले चार रकाने ग्रामपंचायतींनी भरावयाचे आहेत, पाचवा बाजार समितीने. चहापानानंतर प्रत्येक गावाने आपली प्रत न्यावी आणि मृग नक्षत्रापूर्वी तालुक्याला द्यावी. रस्त्यांचा रकाना मात्र पाऊस पडल्यावर, चिखलात उभे राहून भरला तर अधिक खरा होईल. त्यासाठी जुलैअखेरपर्यंत मुदत ठेवली आहे.